मदत हवी आहे: सिएरा लिओन, लायबेरिया आणि युद्धानंतरच्या मुली

नमस्कार मंडळी, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर) प्रबंधासाठी वाचतेय आणि एका जागी अडकलेय.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमधलं यादवी युद्ध 2002 मध्ये संपलं. लढणाऱ्यांना नि:शस्त्र करून गावी परत पाठवायच्या कार्यक्रमात सशस्त्र गटांत ओढल्या गेलेल्या लहान मुलांची जबाबदारी युनिसेफकडे होती. मोठ्यांना मिळायचे तसे रोख पैसे मुलांना नव्हते. उलट अशा मुलांना दाखल करून घेणाऱ्या शाळांना वह्या-पुस्तकं वगैरे साहित्य. ही कल्पना मला फार आवडली, कारण बाकीच्या पोरांचाही फायदा. पण मुली? नोंदणीच्या वेळी अनेकांना बंदूक जमा करावी लागे, काही ठिकाणी ती चालवता येते हेही दाखवावं लागे. पळवून नेऊन स्वयंपाकाला, ओझी वाहायला किंवा कमांडरची 'बायको' म्हणून ठेवलेल्या पोरीकडे बंदूक कुठून असणार? अशा कितीतरी जणी बाहेरच राहिल्या.

शेजारच्या लायबेरियात 2003 मध्ये तिथलं युद्ध संपल्यावर अशाच कार्यक्रमात बायका-मुलांसाठी बंदुकीची अट काढली. तिथे एक लाखाहून जास्त लोकांची नोंद झाली, बंदुका मात्र तीस हजारांच्या आतच. म्हणजे भलतेच लोक घुसले, असं टीकाकार म्हणतात. मला हे निम्मंच पटतं.

तर प्रश्न असा: बंदूक नाही, कागद नाही, तर खरोखरच सशस्त्र गटांत राहिलेल्या मुली ओळखायच्या कशा? नेपाळ, श्रीलंका, कुठलाही अनुभव चालेल. शिवाय 2007 पासून लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या शांती मोहिमेत आपल्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी होती. त्यांतल्या कुणी मराठी ताई ओळखीच्या असतील तर कृपया त्यांना विचारून मला मेसेज करा.