लाडाचं नाव आधी, कागदावरचं नंतर: तुमच्याकडे कसं जमलं?

एरवी आधी भारदस्त नाव ठरतं आणि लाडाचं नाव त्यातून आपोआप पडतं. पण बऱ्याच घरांत उलटं होतं. बाळ पोटात असल्यापासूनच 'मनू' नाहीतर 'चिनू' झालेलं असतं, ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसतं आणि मग जन्माच्या दाखल्यावर काय लिहायचं याची शोधाशोध सुरू होते. तुमच्याकडे असं झालं असेल तर सांगा. नाव कसं जुळवलं, कोण अडून बसलं, मूल मोठं झाल्यावर त्यातलं काय टिकलं? नुसत्या नावांच्या याद्या नकोत, त्या कुठेही मिळतात.

सुरुवात मीच करते. आम्हाला 'मनू' हवं होतं. मुलगा झाला काय नि मुलगी झाली काय, चालण्यासारखं. मुलगी झाली. मानसी, मनाली, मनस्विनी, मनवा अशी सगळी नावं समोर आली. नवरा मनस्विनीवर अडून बसला. मी म्हटलं, बाई गं, पोर लिहायला शिकेल तेव्हा शिव्या घालेल. शेवटी मनवा झालं. आता ती कॉलेजात आहे आणि बाहेर सगळ्यांची मनवाच आहे. 'मनू' म्हणायचा हक्क तिने आम्हा दोघांपुरता आणि आजोबांपुरता ठेवलाय. मित्रमैत्रिणींसमोर मारलेली हाक ऐकूच येत नाही तिला.

*

सोनू. सोनाली. पाच मिनिटांत काम झालं. तुम्ही लोक एवढा विचार का करता?

*

आमचा थोरला चिनू, म्हणून चिन्मय. नाव इतकं चपखल बसलं की धाकट्याच्या वेळी हुरूप आला आणि 'निनू'साठी निनाद शोधलं. कागदावर दोन्ही नावं उत्तम. घरात मात्र गोंधळ. आतल्या खोलीतून चिनू आणि निनू अगदी सारखंच ऐकू येतं. कामाला बोलावलं की दोघांनाही वाटतं, दुसऱ्यालाच बोलावलंय. खाऊच्या वेळी असं कधी होत नाही, हे वेगळं. दुसऱ्या मुलाचं लाडाचं नाव ठरवत असाल तर ते पहिल्याच्या नावासोबत मोठ्याने ओरडून बघा. कुजबुजून बघू नका, मुलांना कुजबुजत हाक कोण मारतं?

*

ज्यांना लाडाचं नावच सरळ कागदावर लिहायचा मोह होतोय त्यांच्यासाठी लिहितो. माझं अधिकृत नाव 'बाळ' आहे. घरात सगळे बाळ म्हणत होते, शाळेत नाव घालायला गेलेल्या काकांनी तेच सांगितलं. आता माझे केस पांढरे झालेत. रांगेत 'बाळ कोण?' असा पुकारा झाला की आजूबाजूचे लोक लहान मूल शोधायला लागतात. टिळकांचं जन्मनाव केशव होतं, तरी जगाने बाळ गंगाधर टिळक हेच नाव लक्षात ठेवलं, असं मी स्वतःला सांगत आलोय. पण त्यांच्यापाशी मागे ठेवायला केशव तरी होतं. मुलाला मोठेपणी वापरता येईल असं एक नाव द्या, मग हाक कोणतीही मारा.

*

आधी ठरवलेलं लाडाचं नाव टिकतंच असं कुठे आहे? आम्ही 'किट्टू' ठरवून त्यावरून कृत्तिका नाव ठेवलं. थोरल्याला तेव्हा जोडाक्षरं येत नव्हती, तो तिला 'तिता' म्हणायला लागला. महिन्याभरात सगळं घर तिता म्हणत होतं आणि किट्टू कुठल्या कुठे गेली. ब्राझीलचा फुटबॉलपटू काका, त्याचं खरं नाव रिकार्डो. धाकट्या भावाला ते म्हणता येईना, तो 'काका' म्हणायचा, तेच पुढे जर्सीवर गेलं. घरात थोरलं भावंड असेल तर त्याला आधी ते नाव म्हणायला लावा. जे बाहेर पडेल तेच लाडाचं नाव होणार आहे, तुमची निवड काहीही असो.

*

आणि घरातून वाचलं तरी शाळेत पोरं आहेतच. सचिनचा सच्या, विनायकचा विन्या, परागचा पऱ्या. कोणतंही नाव असो, शेवटी 'या' लावून बघायचं, ही आमच्या घरची चाचणी. मंदार हे नाव आम्हा दोघांनाही फार आवडलं होतं. 'या' लावल्यावर ते यादीतून खोडलं. 'वेदू' आवडत होतं म्हणून वेदांत ठेवलं. त्याचं वेद्या होतं, ते चालण्यासारखं आहे.

*

मला मुळातच प्रश्न पडतो की जुळवायचंच कशाला? बंगाली घरांत डाकनाम म्हणजे हाक मारायचं नाव वेगळं आणि भालोनाम म्हणजे कागदावरचं वेगळं, दोघांचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं नाही. सत्यजित राय घरी माणिक होते. काय बिघडलं? माझ्या मुलीचं घरातलं नाव 'छकुली' आणि कागदावरचं अदिती. एकाही अक्षराचा मेळ नाही. घरातली ती वेगळी आणि बाहेरची वेगळी, हे तिला लहानपणापासून समजतं.

*

छकुलीच्या बाबांना: समजतं, पण लगेच नाही. आमच्या 'पिहू'चं नाव कागदावर शर्वरी. बालवाडीत बाईंनी हजेरी घेतली तर ही ढिम्म. बाईंना वाटलं कानाचा काही त्रास आहे का, तसा निरोपही आला. मग रोज आरशासमोर उभं राहून 'शर्वरी कोण? मी!' असा खेळ खेळलो. वेगळी नावं ठेवा, पण शाळेत जायच्या आधी दोन्ही नावांनी हाका मारत चला.

*

आमच्या ऑफिसात रशियन मंडळी आहेत. त्यांच्याकडे ही भानगडच नाही, जोड्या ठरलेल्या आहेत. साशा म्हणजे अलेक्सांद्र किंवा अलेक्सांद्रा, मीशा म्हणजे मिखाईल, दीमा म्हणजे दिमित्री. इंग्रजीतही विल्यमचा बिल, रॉबर्टचा बॉब, मार्गारेटची पेगी. एकट्या एलिझाबेथमधून लिझ, बेथ, बेटी सगळ्या निघतात. उलटं जायचं तरी वाट माहितीची. आपल्याकडे 'अनू'ला अनुराधा, अनुजा, अनुपमा, अनघा अशी रांग लागते आणि 'पिंट्या'ला कोणीच वाली नसतो.

बाकी, जुळवाजुळव नंतरही करता येते. ब्राझीलचे राजकीय नेते लुला, त्यांचं 'लुला' हे टोपणनाव, ते त्यांनी 1982 मध्ये अधिकृत नावात घालून घेतलं. जिमी कार्टर यांनी 1977 मध्ये अध्यक्षपदाची शपथ जेम्स नव्हे, 'जिमी' म्हणून घेतली.

*

आमची गोष्ट जरा वेगळी आहे. मुलगी आमच्याकडे आली तेव्हा ती बोलत होती, चालत होती, आणि तिला स्वतःचं एकच नाव माहीत होतं, 'राणी'. संस्थेतल्या मावशी लाडाने म्हणायच्या तेच. कागदावर दुसरंच काहीतरी होतं, त्या नावाने तिला कोणीच हाक मारली नव्हती. दत्तकाच्या कागदपत्रांवर नवीन नाव द्यायचं होतं. नातेवाइकांनी सुंदर सुंदर नावं सुचवली. सासूबाईंच्या मनात तर आधीपासून एक नाव पक्कं होतं. मी मात्र अडून बसले. घर नवं, माणसं नवी, अंथरूण-पांघरूणही नवं. तिच्याकडचं जुनं असं तेवढं एकच होतं, ते काढून घ्यायचं नव्हतं.

सगळे पहिल्या अक्षरावरून नावं शोधत होते. 'रा'वरून राधिका, रागिणी, राजसी. पण हाक मारायची ती 'राणी'च, तिला राधा किंवा रागू कशाला करायचं? मग नवरा म्हणाला, शेवटून बघू. इंद्राणी. पुढचं झाकलं की मागे राणी उरतेच. सासूबाईंनी दोनदा म्हणून पाहिलं आणि त्यांचं नाव मागे घेतलं. आमच्याकडे हे सहसा घडत नाही.

लेक लिहायला लागली तेव्हा 'द्रा' काढताना वैतागायची. एकदा विचारलं, नुसतं राणी लिहू दे का? म्हटलं, वहीच्या आत लिही, वरती इंद्राणी. तसं ती अजून करते. ज्यांना नावाच्या सुरुवातीवरून काही सापडत नाही त्यांनी शेपटाकडून शोधून बघा, एवढंच सुचवायचं होतं.

*

वरचं वाचून लगेच बायकोला दाखवलं. आम्हाला 'चिंटू'साठी चिंतन आणि चिंतामणी एवढंच सापडत होतं. तिला चिंतन फारच गंभीर वाटतं, मला चिंतामणी. वजन माझ्या वडिलांच्या बाजूने पडलं, त्यांनी चिंतामणी म्हटल्यावर विषय संपला. मुलगा आता तिसरीत आहे आणि वर्गात त्याला 'मणी' म्हणतात. म्हणजे पोरांनीही शेपूटच धरलं.

*

आमच्याकडे 'गोट्या'. महिना झाला, नाव ठरत नाही. कागदावरचं नाव सुचवा. थट्टा नको, सगळी करून झालीये.

*

गोट्यासाठी: गौतम. गोविंद. गोपाळ. 'गो'वरून आणखी ताणायचं तर गौरव, गौरांग.

*

गोपाळ आमच्या साहेबांचं नाव आहे, आणि गोविंद त्यांच्या भावाचं. गौतम घरी विचारून बघतो.