'सेफ्टी लास्ट' (1923): गोष्टीतून चढाई, की चढाईसाठी गोष्ट?

धागा: 'सेफ्टी लास्ट' हा मूक विनोदी चित्रपट. त्याचा नायक हॅरल्ड लॉइड म्हटलं की घड्याळाच्या काट्याला लटकलेला चष्मेवाला तेवढा आठवतो. माझ्या मते त्या काट्यापर्यंत त्याला त्याच्या पत्रांनी नेलं. कापडाच्या काउंटरवर आठवड्याला 15 डॉलर कमावणारा पोरगा गावातल्या मैत्रिणीला आपण मोठे झालो असं कळवतो, वर दागिनेही पाठवतो. साखळीचे पैसे मोजताना डोळ्यांसमोरच्या जेवणातला एकेक पदार्थ गायब होतो, तो प्रसंग नीट बघा. ती दुकानात येऊन थडकते आणि त्याला जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये साहेब बनावं लागतं. मग दुकानात गर्दी खेचणारी युक्ती सुचवण्यासाठी 1000 डॉलर, त्यासाठी मित्राला इमारत चढायला लावायचा बेत, आणि शेवटी स्वतःच इमारत चढणं.

उत्तर १: अजिबात पटलं नाही. चढाई आधी चित्रित झाली, सुरुवात नंतर रचली, हे लॉइडनेच सांगितलंय. इमारती चढून दाखवणाऱ्या बिल स्ट्रदरला खरोखर इमारत चढताना पाहून कल्पना सुचली, नायकाच्या मित्राची भूमिकाही त्यालाच दिली. कथेत मित्रामागे पोलीस लागतो, म्हणून नायक चढतो. त्यात महत्त्वाकांक्षा कुठे आली? नायिका मिल्ड्रेड डेव्हिसला तर फसण्यापलीकडे कामच नाही.

उत्तर २: चित्रीकरणाचा क्रम म्हणजे पटकथेची वीण नव्हे. पोलिसामुळे मित्र चढू शकत नाही, इतकंच. नायकाला माघार घेता येत नाही ती पैशांमुळे आणि तिच्यामुळे.

तंत्रही बघा. इमारतीची खोटी दर्शनी भिंत खऱ्या इमारतींच्या गच्चीवर, कडेपासून आत उभारली होती. कॅमेरा अशा उंचीवर आणि कोनात की गच्ची चौकटीबाहेर राहते आणि लॉस एंजेलिसचा खरा रस्ता खाली दिसतो. कोन जरा चुकला की गच्ची दिसणार आणि भीती संपणार! उंची वाढेल तशी खालची इमारत बदलली. लॉइडच्या खाली गाद्या घातलेला मचाण होता; दूरच्या शॉटमध्ये स्ट्रदर चढतो. 1919 मध्ये झालेल्या एका स्फोटात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती, ती उणीव हातमोज्यात लपवलेली. खोट्या बढतीची किंमत एवढ्या खऱ्या उंचीवर वसूल होते, म्हणून हसता हसता पोटात गोळा येतो.

धागाकर्ता: नायिकेबद्दल मान्य, भूमिका तोकडीच आहे. पण शेवट बघा: गच्चीवर ती भेटते, बढती मात्र दिसत नाही. ओल्या डांबरात आधी बूट, मग मोजे अडकतात, तरी त्याला पत्ता नाही.

उत्तर १: डांबराचा विनोद झकास, पण तो कुठल्याही प्रेमकथेच्या शेवटी चालला असता. कबुतरं, जाळी, विजारीत शिरलेला उंदीर यांतला एक तरी अडथळा त्याच्या खोट्या पत्रांतून आलाय का, ते सांगा.