छोटं लिहा, पण अवघड प्रश्न कशाला टाळायचा?

वाचकाला धीर नसतो, म्हणून छोटं लिहावं आणि गुंतागुंतीत शिरू नये, असा सल्ला लिहिणाऱ्यांना दिला जातो. छोटं लिहावं हे मान्य. बाकीचं पटत नाही.

आमच्या बडोद्याचंच घ्या. ‘महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं.’ इथल्या मराठी माणसाला हे वाक्य पाठ आहे, त्यावर तो मान डोलावून पुढे जातो. त्याच्यासाठी लिहायचं तर पुढचं विचारावं लागतं. सक्ती म्हणजे नेमकं काय? पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड व्हायचा. ज्या घरात दहा वर्षांचा मुलगा गुरं राखतो, त्या घराला हा कायदा कसा वाटला असेल? मुलींची सक्ती मुलांच्या आधी का संपायची? हे विचारलं म्हणून महाराज लहान होत नाहीत. उलट, गोपाळ कृष्ण गोखल्यांचं असंच विधेयक १९१२ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या कायदेमंडळात, फेटाळलं गेलं, हे शेजारी ठेवलं की बडोद्याची हिंमत जास्त कळते.

पुण्याच्या वाचकासाठी मात्र सुरुवातच वेगळी हवी. सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीकडे झाला, पण अमरेली काठियावाडात, म्हणजे आजच्या सौराष्ट्रात, आणि गायकवाडी मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. त्याला ही दोन वाक्यं द्या. दंडाचा प्रश्न मात्र त्यालाही तसाच विचारा, तो काही लहान मूल नाही!