जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रांत कारखाने इतके कमी का दिसतात?

प्रश्न: १९०५ मध्ये ड्रेस्डेनला ‘डी ब्र्युके’ हा अभिव्यक्तिवादी (बाह्य वास्तवापेक्षा आंतरिक भावना ठळकपणे मांडणाऱ्या) चित्रकारांचा गट स्थापन करणाऱ्यांपैकी किर्खनर, हेकेल आणि श्मिट-रॉटलुफ यांचे शालेय वय केम्निट्स या गिरण्यांच्या शहरात गेले. तरीही त्यांच्या चित्रांत धुरांड्यांपेक्षा ड्रेस्डेनजवळच्या मोरित्सबुर्गच्या तळ्यांवरचे स्नान अधिक आढळते. याचे कारण काय असावे?

उत्तर १: माझ्या मते, ज्या शिस्तबद्ध, यंत्रबद्ध जगण्याला ते विटले होते, त्यापासून दूर जाणे हाच त्यांचा प्रतिसाद होता. मात्र हेकेलने १९०७ मध्ये उत्तर समुद्रकिनाऱ्यावरील डांगास्ट गावची वीटभट्टी रंगवलीच. तुलनेसाठी, आधीच्या पिढीतील जर्मन वास्तववादी चित्रकार मेंत्सेलने १८७२ ते १८७५ या काळात साकारलेल्या पोलाद-कारखान्याच्या चित्रात प्रत्येक चाक आणि प्रत्येक कामगाराची हालचाल अभ्यासपूर्वक टिपलेली आहे. हेकेलच्या भट्टीत मात्र इमारत, जमीन आणि आकाश हे सारे जाड, वळवळत्या फटकाऱ्यांत एकमेकांत मिसळते, आणि उत्पादन कसे होते हे चित्र सांगतच नाही. (व्हॅन गॉगचा प्रभाव येथे लपत नाही.)

उत्तर २: पुढच्या पिढीतील कॉनराड फेलिक्समुलर यांना विसरू नये. १९२० मध्ये रोमच्या प्रवासासाठी मिळालेल्या पारितोषिकाची रक्कम त्यांनी पश्चिम जर्मनीतील रूरच्या कोळसा-प्रदेशात जाण्यासाठी वापरली आणि तेथील खाणकामगारांचे थकलेले, टोकदार चेहरे रंगवले. त्यांच्यासाठी विषय यंत्र नव्हता, तर त्याने झिजवलेला माणूस होता.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. किर्खनरनेही १९२६ मध्ये केम्निट्सचे कारखाने रंगवल्याचे आता आठवले. म्हणजे माझा प्रश्न मुख्यतः सुरुवातीच्या वर्षांपुरताच उरतो.