अनुभव धागा : जुनी टर्बो पेट्रोल गाडी ट्रॅक डेला नेताना

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या ऑक्टाव्हिया जुळवल्या जाऊ लागल्या. त्यामुळे आपल्या भागात जुन्या १.८ टर्बो, नंतरच्या लॉरा टीएसआय आणि त्यांच्यावर हात बसलेले मेकॅनिक अजून भेटतात. ट्रॅक डे म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस, पण असा ट्रॅक मराठवाड्यात नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा किंवा कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी, हेच जवळचे म्हणायचे. नांदेडहून हैदराबादमार्गे चेन्नई सुमारे नऊशे किलोमीटर पडतं, आणि तीच गाडी चालवत घरी परतायचं असतं. म्हणून इथे फक्त कामाचं लिहा: काय बदलायचं, किती, का, आणि नाही बदललं तर काय होतं. लॅप टायमिंग नको.

शेंद्रा_१.८टी
ऑइलपासून सुरुवात. पहिल्या ऑक्टाव्हियाच्या १.८ टर्बोत साधारण साडेचार लिटर ऑइल बसतं आणि टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर फिरतं. चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यातली) जाळी काजळीने बुजली की इंजिन गरम असताना ऑइलचं प्रेशर पडतं. गावात ते जाणवत नाही, लांब वळणात तिसऱ्या गिअरला लाल दिवा लुकलुकतो. दीड लाख किलोमीटरच्या पुढची गाडी असेल तर चेंबर खाली उतरवा, जाळी बदला. नुसतं फ्लश मारू नका, सुटलेली काजळी पुन्हा जाळीतच जाऊन बसते. मग ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२.०० मान्यतेचं, आणि नवा फिल्टर. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेला ठेवा, खुणेच्या वर नाही. जास्त भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि पंप हवा ओढतो. दिवस संपल्यावर परतीआधी पातळी पुन्हा बघायचीच.

त्याच वेळी इनटेकखालचे ब्रीदर होज (इंजिनातले वायू बाहेर नेणारे रबरी पाइप) दाबून बघा. बिस्किटासारखे तुटत असतील तर सगळा संच बदला. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय सोडल्यावर जास्तीची हवा परत फिरवणाऱ्या झडपेचा) पडदा फाटला असेल तर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, गळतं आणि तेवढंच बूस्ट द्यायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. व्हॉल्व्ह काढून दांडी आत दाबायची, निपलवर बोट ठेवायचं आणि दांडी सोडायची. लगेच बाहेर आली तर पडदा गेला.

गोदाकाठ
पैसे मोजकेच असतील तर सगळे ब्रेकवर घाला. हिशेब सोपा आहे. १४०० किलोची गाडी १५० वरून ६० वर आणायची म्हणजे साधारण दहा लाख ज्यूल उष्णता डिस्कमध्ये ओतायची. ती काही सेकंदांत, आणि पुढच्या वळणाला पुन्हा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरलेलं १५५ लाच. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. बाटली सीलबंद हवी, गॅरेजच्या फळीवर उघडी राहिलेली नको. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, नाव जवळचं असलं तरी या गाडीत घालायचं नाही. पूर्ण बदलायला लिटरभर धरा. ऑक्टाव्हियात हवा काढायचा क्रम मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. गावात घाट नाही म्हणून पाच-पाच वर्षं तेच ऑइल चालवायची आपल्याकडे सवय, ती इथे नडते.

ट्रॅकवर दोन वेगळ्या गोष्टी होतात, त्या ओळखता आल्या पाहिजेत. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. एक लॅप हळू काढा, पकड बहुतेक परत येते. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ऑइल उकळलंय. पटापट पंप मारत, गिअर उतरवत वेग घालवा, सरळ आत या आणि हवा काढल्याशिवाय पुन्हा जाऊ नका. थंड झाल्यावर पेडल बरं वाटतं, त्यावर भरवसा नको.

पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर नवे घाला, कारण पातळ पॅडमधून उष्णता थेट कॅलिपरच्या पिस्टनला आणि तिथून ऑइलला लागते. नवे पॅड गावातच बसवून घ्या. ८० वरून २० पर्यंत सात-आठ मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं ब्रेक न दाबता चालवत गार करा. आणि ट्रॅकवरून आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला उटी लावा.

लातूरकर
लोकं काय करायलेत, आधी रिमॅप मारायलेत (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून बूस्ट वाढवायलेत) अन् मग विचारायलेत कुलंट का उकळायलंय. १५० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस कंपनीच्या मॅपवर दिवसभर पळवा की राव. जास्तीचं बूस्ट म्हणजे जास्तीची उष्णता, ती बाहेर काढायची सोय आधी करा.

वाळूजचा टर्नर
लातूरकरांशी सहमत. आता ती उष्णता मोजायची कशी ते.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर जाऊ नका. या गाड्यांत काटा मुद्दाम ९० वर धरून ठेवलेला असतो, खरं तापमान बरंच वर सरकलं तरी तो हलत नाही. ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून सेन्सरचे आकडे दाखवणारं यंत्र) लावा, कुलंट आणि इनटेक हवेचं तापमान बघा. कुलंट ११० च्या पुढे गेला की लॅप सोडा, हीटर पूर्ण उघडा. पहिल्या ऑक्टाव्हियाचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारा) पुढच्या मडगार्डमध्ये दडलेला आणि छोटा आहे. तीन-चार जोरदार लॅपमध्ये तो इतका तापतो की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) नॉकिंगच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याच्या, भीतीने स्पार्कचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी सुस्त वाटते. व्हीसीडीएस (फोक्सवॅगन-स्कोडा गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) असेल तर ग्रुप ०२० मध्ये प्रत्येक सिलिंडरचं मागे घेतलेलं टायमिंग दिसतं, ११५ मध्ये मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट. यावर उपाय म्हणजे एक गरम, एक गार असे लॅप, आणि दहा-पंधरा मिनिटांत आत.

बूस्टची गळती घरीच शोधा. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपच्या मापाचं ॲल्युमिनियमचं बूच लेथवर काढून घ्या, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. कॉम्प्रेसरने ०.७ बार हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. इंटरकूलरच्या खालचा होज आणि थ्रॉटलजवळचा क्लॅम्प हे नेहमीचे गुन्हेगार. पट्टीचे क्लॅम्प काढून टी-बोल्टचे लावा.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दलही बोलू. जुने रबरी फ्युएल होज इथेनॉलने फुगतात, मग भेगाळतात, आणि शेजारीच टर्बो लालभडक असतो. एसएई जे३० आर९ लिहिलेला होज घ्या. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू नेहमीपेक्षा किती जास्त पेट्रोल सोडतोय त्याचा आकडा) +१० टक्क्यांच्या वर असेल तर फुल थ्रॉटल देऊ नका. आधी हवेची गळती, एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) आणि पंपाचं प्रेशर बघा.

नवखा_बीड
समृद्धीवर दोन तास १२० ने विनातक्रार चालली तर गाडी तयार समजायची का?

वाळूजचा टर्नर
नाही. १२० ला अशी गाडी जेमतेम ३० अश्वशक्ती मागते. बूस्ट जवळपास नाही, ब्रेक नाही, समोरून वारा भरपूर. त्या प्रवासातून टायर आणि बेअरिंग समजतात, एवढंच.

जालना रोड
आत आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. पेट्रोल टर्बोचा एक्झॉस्ट ९०० अंशांच्या आसपास जातो. ऑइल थांबलं की बेअरिंगमध्ये उरलेलं जागीच जळून कोळसा होतं, पुढे शाफ्ट डुलायला लागतो आणि निळा धूर येतो. शेवटचा लॅप बूस्ट न देता, मग दोन मिनिटं आयडल, बॉनेट उघडं. फक्त आयडलवर अर्धा तास ठेवणं म्हणजे पेट्रोल जाळणं.

शेंद्रा_१.८टी
त्यात एक भर. जुन्या १.८ टर्बोच्या काही वॉटर पंपांचा पंखा प्लॅस्टिकचा असतो, तो शाफ्टवर सैल होतो. टायमिंग बेल्ट निघणारच असेल तर धातूच्या पंख्याचा पंप घाला. इग्निशन कॉइल एक जास्तीची सोबत ठेवा, गरम झाल्यावर तीच आधी दगा देते.

गोदाकाठ
टायर राहिले. बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेला असतो, तो ट्रॅकला नको. थंड असताना ३० पीएसआयने निघा. आत आल्या आल्या मोजा, सहा-आठ वाढलेली दिसेल, ती ३५-३६ वर उतरवा. परत निघताना कंपनीच्या आकड्यावर पुन्हा भरायला विसरू नका, घरी जायचंय. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन मीटर, टॉर्क रेंचने, आणि पहिल्या सत्रानंतर चाक गार झाल्यावर पुन्हा एकदा. इम्पॅक्ट गनवाल्याला हात लावू देऊ नका.

नवखा_बीड
विमा?

जालना रोड
खासगी गाडीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, वापराच्या मर्यादांचा रकाना वाचा. भिंतीला लागली तर खर्च तुमचा असं धरूनच चला. स्टेपनी, जॅक, पायाखालच्या मॅट काढून ठेवायच्या. टो हुक आधीच घरी बसवून बघा, काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात.

लातूरकर
पोलो जीटी टीएसआयवाल्यांनो, तुमचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर तो कोरड्या क्लचचा आहे. रांगेत मुंगीच्या पावलाने सरकवू नका, न्यूट्रलला टाका. ट्रॅकवर मॅन्युअल मोड, अन् गिअरबॉक्सची तापमानाची सूचना आली की लगेच आत या.