गोपाळपूरचं पाम बीच: सोसायटीच्या सहलीच्या ग्रुपवरून

ए-२०३: मंडळी, ओडिशा सहल ठरत आलीये. पुरी, चिल्का आणि शेवटी गोपाळपूर. तिथे पाम बीच हॉटेल घ्यायचं का? हल्ली ते मेफेअर हॉटेलवाल्यांकडे आहे. भाडं बघून माझे तर डोळे पांढरे झाले.

सी-१०१: एवढ्याशा गावात एवढं महाग हॉटेल? जातं कोण तिथे!

बी-४०४ (नाना): लांबण लागणार आहे, नको असेल त्यांनी म्यूट करा. गाव एवढंसं आहे ते आता. एकेकाळी तिथून रंगूनच्या बोटी सुटायच्या. गंजाम जिल्ह्यातले गडी बोटी भरभरून ब्रह्मदेशात मजुरीला जायचे, भातशेतीवर, गिरण्यांत. धक्का, गोदामं, साहेबांचे बंगले, सगळा थाट होता. त्या भरात १९१४ साली मॅग्लिओनी नावाच्या इटालियन माणसानं हे हॉटेल काढलं.

ए-५०१ (काकू): ब्रह्मदेश म्हटलं की आम्हा रत्नागिरीकरांना तिथला थिबा राजाच आठवतो. तेव्हा तो आमच्याकडेच नजरकैदेत होता की. १९१६ ला तिथेच गेला बिचारा.

नाना: अगदी बरोबर काकू. इंग्रजांनी त्याला इकडे आणून बसवलं आणि तिकडे कामाला माणसं इकडून नेली.

ॲडमिन: उद्या सकाळी वरची टाकी धुणार आहेत. १० ते १ पाणी बंद. भरून ठेवा.

ए-२०३: 👍 नाना, पुढे?

नाना: १९४२ ला जपान्यांनी रंगून घेतलं. बोटी थांबल्या आणि बंदराचे ग्रहच फिरले. मोडक्या धक्क्याचे खांब अजून वाळूत उभे आहेत, बघालच. आता गंमत अशी, की बंदर बसलेलं, साहेब गाशा गुंडाळतोय, आणि नेमकं १९४७ मध्ये मोहनसिंग ओबेरॉयनी हे हॉटेल घेतलं!

सी-१०१: आतबट्ट्याचा व्यवहार 😄

नाना: तसं वाटतं खरं. पण हा माणूस १९२२ ला सिमल्याच्या सेसिल हॉटेलात ५० रुपयांवर कारकून होता. साथीच्या धास्तीनं बंद पडलेलं कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल त्यानं १९३८ ला चालवायला घेतलं आणि उभं केलं. म्हणजे कलकत्त्याचं गिऱ्हाईक मुठीत होतं. त्यांना समुद्र हवा, गर्दी नको. माझ्या मते हिशोब एवढाच. बंदरावर पोसलेलं हॉटेल बंदर गेल्यावरही टिकलं, ते यामुळे.

डी-३०२: २०१३ चं फायलिन वादळ तिथेच धडकलं होतं ना? ऑक्टोबर नकोच बाबा.

ए-२०३: फेब्रुवारी-मार्च धरतोय. नशीब असेल तर ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी कासवंही दिसतील.

काकू: जवळच ब्रह्मपूर आहे ना? तिथल्या पट्टा साड्यांना वेळ ठेवा. कुंभ काठाची घ्यायचीच आहे. हॉटेलचे पैसे वाचवा, तिकडे लागतील.

सी-१०१: 😂😂 काकू जिंदाबाद.

नाना: माझं ऐका. राहायला साधं बघा. एक संध्याकाळ पाम बीचला चहा-नाश्ता करू. बाहेरच्यांना बसू देतात का, तेवढं फोन करून विचारा.

ए-२०३: विचारतो. कोणार्क एक्स्प्रेस पुण्याहून थेट ब्रह्मपूरला जाते, तिचीच तिकिटं काढतोय. ज्यांना खालचाच बर्थ हवा त्यांनी आत्ता सांगा, नंतर गाडीत भांडायचं नाही.

सी-१०१: मला खालचा.

काकू: मलाही. गुडघे!