मदत हवी आहे: सायप्रिनस फ्लायपाशी येतो, थांबतो आणि वळून जातो (धोम बॅकवॉटर)

मंडळी, धोमच्या बॅकवॉटरला फ्लाय रॉडवर सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, धरायच्या मागे लागलोय. मासा मला दिसतो, फ्लाय (गळावर पीस-लोकर बांधून केलेलं खोटं भक्ष्य) त्याला दिसते, गळाला मात्र काही लागत नाही. साताऱ्यात फ्लायवाला दुसरा कोणी अजून भेटला नाही, म्हणून इथं विचारतोय.

आधी सामान सांगतो. ६ नंबरचा नऊ फुटी रॉड, भाच्यानं परदेशातून येताना आणलेला. तरंगती लाइन, तिच्यापुढं नऊ फुटी लीडर (निमुळती, न दिसणारी दोरी), टोकाला १० पौंडी तंगूस. फ्लाय घरीच बांधतो. ८ नंबरचा गळ, सुतळी पिंजून केलेलं अंग, मानेला गावठी कोंबड्याचं पीस आणि थोडी नारिंगी लोकर. डोळ्यांच्या जागी दोन मणी, बेसिनच्या बुचाला बारीक मण्यांची साखळी असते ना, तिचे. त्या वजनानं गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर राहतं, गाळात रुतत नाही. वारा नसेल तर चाळीस फुटांपर्यंत कास्ट (फेक) नीट जाते. शाळेच्या मैदानावर गळाऐवजी लोकर बांधून शिकलो. पोरं गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "काका, इथं कुठला मासा?"

आता पाण्याचं. धरण उतरायला लागलं की गाळपेराची जमीन उघडी पडते आणि काठाला लांबवर गुडघाभर पाणी राहतं. तिथं दोन तऱ्हेचे मासे बघतोय. सकाळी ऊन चढायच्या आत काही जण डोकं खाली, शेपूट वर करून गाळ उकरत असतात. मागं चिखलाचा ढग, बारीक बुडबुड्यांची रांग. दुसरे काठच्या बुडालेल्या गवतात तिघं-चौघं मिळून एकमेकांच्या मागं लागलेले, पाणी नुसतं धाडधाड उडवतात. या दुसऱ्यांच्या नाकावर फ्लाय टाकली तरी ढुंकून बघत नाहीत. पहिले बघतात. सरकत येतात, फ्लायपाशी थांबतात, लाइन हलत नाही, झटका नाही, आणि सावकाश वळून जातात. काही तर फ्लाय पडली की सुसाट पळतात.

रंग चुकतोय, आकार चुकतोय, की टाकायची पद्धत? तलाव ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं आहे तिच्या लोकांशी बोलून ठेवलंय, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नाही. आणि कृपा करून कणीक लावा म्हणू नका. कणकेवर आणि शेंगपेंडीवर लहानपणापासून धरतोय. मला फ्लायवरच हवाय.

मिरजकर: कणीक लावा. (माफ करा, राहवलं नाही.)

कराडकर: गवतात धाडधाड करणारे आधी डोक्यातून काढून टाका. ते चरत नाहीत, अंडी घालतायत. पुढं एक थोराड मादी, मागं दोन-तीन नर. सायप्रिनसची अंडी चिकट असतात, गवताला चिकटून राहतात, म्हणून त्याला उथळातला झाडोरा लागतो. कटला, रोहू, मृगळ यांना विणीला पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी हवं. याचं साठलेल्या पाण्यातही भागतं. १९३९ साली निलगिरीत आणला, १९५७ मध्ये बँकॉकहून दुसरी जात आली, आणि मग देशभरच्या तळ्यांत जो पसरला तो बराचसा या गुणावर. त्यांच्यावर कास्ट करू नका, ते गवत तुडवूही नका.

आता शेपूट वरवाले. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, जे थांबतायत त्यातले बरेच फ्लाय तोंडात घेऊन थुंकतायत. सायप्रिनस चावत नाही, ओढून घेतो. तोंड पुढं काढून गाळासकट आत खेचतो, चाळतो, नको ते बाहेर टाकतो. त्याचे दात घशात, ओठांशी काहीच नाही. हा सगळा कारभार एवढ्या झटपट उरकतो की लाइनपर्यंत काही पोचत नाही. तेव्हा लाइन बघायचं सोडा, मासा बघा. चालता चालता एकदम थांबला, डोकं किंचित खाली गेलं, कल्ले फुगले किंवा तोंडाशी पांढुरकं काही चमकलं, की डाव्या हातानं लाइन वीतभर ओढायची. रॉड उचलायचा नाही. रॉड उचलला आणि त्यानं फ्लाय घेतलेली नसली, तर ती पाण्याबाहेर उडते आणि तोही जातो. नुसती लाइन ओढली तर फ्लाय तळावर वीतभर सरकते, तो पुन्हा मागं येऊ शकतो. पोलराइज्ड चष्मा (पाण्यावरची चकाकी मारणारा) नसेल तर आधी तो घ्या. रंगाचं नंतर बघू, सुतळीचा रंग उत्तम आहे.

पळणाऱ्यांचं कारण वेगळं, त्यांच्या डोक्यावर काहीतरी पडतंय. फ्लाय माशाच्या पलीकडं आणि चार-पाच फूट पुढं टाका. वरच्या वर ओढत त्याच्या वाटेवर आणा आणि तोंडासमोर ताटाएवढ्या जागेत बुडू द्या. मग हलवू नका. गोगलगाय काय किंवा चतुराची अळी काय, त्याला बघून धूम ठोकत नाही. पायांचंही सांभाळा. या माशांची हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीनं कानाला जोडलेली असते, काठावर दगड खडखडला तरी त्यांना कळतं. आणि एक मासा लागून झटापट झाली की ती जागा सोडा. कातडी खरचटली की त्यातून पाण्यात असं काही मिसळतं की बाकीचे सावध होतात.

धागाकर्ता: तोंडाशी चमकताना पुष्कळदा दिसलंय! आता लाइनकडं बघणंच बंद. अजून एक विचारतो. बहीण भिलवडीला असते. तिकडं कृष्णेत कमरेएवढ्या पाण्यात उतरून कास्ट करावी म्हणतोय, काठाला झाडी फार, मागं लाइन अडकते. कुणी केलंय?

भिलवडीचा: दाजी, पाण्यात उतरायचं नाव काढू नका. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, खाली डिग्रजपर्यंत सगळा मगरींचा पट्टा हाय. थंडीत काठावर ऊन खात पडलेली दिसती. दिसली न्हाई म्हंजे न्हाईच असं समजायचं कारण न्हाई. उन्हाळ्यात मादी अंड्यांजवळ असती, तवा तर वाळूच्या काठाला फिरकूसुदीक नका. उंच दरडीवरनंच टाका, जाळी लांब दांड्याची घ्या, मासा काढायला वाकून हात पाण्यात घालू नका.

आन नदीत तुमचं ते मासा बघून टाकायचं जमायचं न्हाई, पाणी तेवढं नितळ नसतंय. त्यापरीस उंबर बघा. पाण्यावर झुकलेलं, फळ पिकलेलं. वरनं उंबर पडलं की डुबुक आवाज हुतो आन खालनं मासा येतो. आमच्यात गरीला उंबरच लावत्यात.

कराडकर: वा! परदेशात तुतीच्या झाडाखाली अगदी हेच करतात, तुतीच्या रंगाची फ्लाय बांधून. तुम्ही लाल-तपकिरी लोकरीचा गोळा करा, पिकल्या उंबराएवढा, गळ जरा मोठा घ्या, ६ नंबरचा (गळाचा नंबर उतरेल तसा गळ मोठा). अलगद टाकायची ती सगळी काळजी इथं विसरा, हिचा डुबुक आवाज व्हायलाच हवा. फक्त लीडर साडेसात फुटांवर आणा, नाहीतर एवढा गोळा हवेत उलगडणार नाही. आणि झाडीचं म्हणाल तर लाइन मागं न्यायचीच नाही. रोल कास्ट करा, लाइन पाण्यावरूनच पुढं लोळते. ती तुमच्या शाळेच्या मैदानावर नीट जमणार नाही, पाणीच लागतं. धोमलाच घोटून घ्या आणि मग भिलवडीला जा.